रिकामा पोराके

सकाळी सातला जुरेमा खानावळीच्या तराफ्यावर पाऊल ठेवायची, रबरी बूट चढवायची आणि कोणाशी एक शब्द न बोलता आधी भोंग्याचं बटण दाबायची. टक... टक... टक. तराफ्याच्या मधोमध, फळ्यांचा तळ आणि गजांच्या भिंती असलेली टाकी तळ्यातच बुडवलेली होती, आणि तिच्या पाण्यात दोन पत्र्याच्या पट्ट्या सोडलेल्या होत्या. त्यांच्या तारा एका जुन्या रेडिओला जोडल्या होत्या आणि रेडिओतून हा आवाज यायचा. टकटक संथ असली की समजायचं, मासा तळाशी पडून आहे, पोट भरलेलं आहे. पत्र्यावर गारा पडाव्यात तशी एकदम तडतड उठली की समजायचं, झिंगा टिपला. भोंग्याच्या वर बारा दिव्यांची माळ होती. संथ टकटकीला दिवे लागत नसत. तडतडीला बाराच्या बारा एकदम लकाकून विझत. पाहुणे टाळ्या वाजवत.

त्या विजेच्या माशाला पोराके म्हणतात. हा सहा फूट लांब होता, मांडीएवढा जाड, चिखलाच्या रंगाचा, गळ्याखाली नारिंगी. डोळे राईच्या दाण्याएवढे आणि जवळजवळ निकामी. त्याची खरी नजर म्हणजे ती टकटक. गढूळ पाण्यात तो विजेच्या बारीक ठोक्यांनी चाचपत हिंडतो, म्हणून जिवंत पोराकेची टकटक कधी थांबत नाही. झोपेत मंदावते, पण थांबत नाही. जुरेमाला हे पुस्तकातून ठाऊक होतं. मुरुरे तळ्यावरच्या तरंगत्या शाळेत तिनं बावीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. आणि पुस्तकाबाहेरचं जे होतं, ते तिला नवऱ्यानं शिकवलं होतं.

वाल्देसिर. सहा वर्षं ह्याच टाकीचा राखणदार. मे महिन्यात, तळं तुडुंब भरलेलं असताना, ह्याच टाकीत कमरेभर पाण्यात बुडून मेला.

खानावळीचा मालक अमारिल्दो हा त्यांचा कंपाद्रे. म्हणजे जुरेमाच्या लेकीचा, लुझिनेतचा, धर्मबाप. बाप्तिस्म्याच्या दिवशी पोरीला त्यानं हातावर धरलं होतं आणि त्या दिवसापासून बालपणचे हे मित्र एकमेकांना अहो-जाहो करू लागले होते. तळ्यावरची रीतच ती. सख्ख्या भावाशी भांडलात तर लोक दोन दिवस बोलतील. कंपाद्रेशी भांडलात तर तुमच्या होडीत कोणी बसणार नाही. कंपाद्रेनं मागितलं तर जाळं द्यायचं, होडी द्यायची आणि कंपाद्रेच्या शब्दाला नाही म्हणायचं नाही.

पोलिसांची होडी आली तेव्हा अमारिल्दोनं डोळे पुसत सांगितलं, "काय बोलू साहेब, सकाळपासून घेत होता. कितीदा सांगितलं, कंपाद्रे, पिऊन टाकीजवळ जाऊ नका."

प्रेताच्या शर्टाला काशासाचा, उसाच्या दारूचा, घमघमाट सुटला होता. पोलिसांनी हुंगलं, लिहिलं आणि गेले.

प्रेत धुतलं जुरेमानं. शर्ट दारूत भिजलेला होता, पाठीमागेसुद्धा. तोंडाला मात्र कसलाही वास नव्हता, नुसत्या तळ्याच्या पाण्याचा. लुझिनेत दहा वर्षांची असताना तापानं फणफणली होती, तेव्हा वाल्देसिरनं नवस बोलून दारू सोडली होती. नऊ वर्षं त्यानं लग्नाकार्यातसुद्धा घोटभर घेतली नव्हती. पाठीवर दारू सांडून पिणारा माणूस जुरेमानं कधी पाहिला नव्हता.

नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला खानावळीतली म्हातारी स्वयंपाकीण फेलिस्मिना तिला बाजूला घेऊन कुजबुजली. "पाहुण्यांची होडी वळणावर आली होती. गजांत पाणवेली अडकून टाकीला वास मारत होता. वाल्देसिर म्हणाला, आधी माशाला पिंजऱ्यात घेतो, पिंजरा वर ओढतो, मगच उतरतो. तर मालक म्हणतात, अहो कंपाद्रे, सकाळपासून पन्नासदा झटका मारलाय त्यानं, आता रिकामा आहे तो, उतरा पटकन. आणि उतरला गं बाई."

"पोलिसांना सांगशील?"

"मला इथंच भात शिजवायचाय, जुरेमा." म्हातारीनं पदरासारख्या ओढून घेतलेल्या शालीत डोळे लपवले आणि ती गेली.

लुझिनेत मात्र धर्मबापाचं म्हणणं खरं मानून बसली होती. तिला शिवणयंत्र त्यानं आणून दिलं होतं, पंधराव्या वाढदिवसाचा झगा त्यानं दिला होता. त्याच्याच खानावळीत ती वाढायला होती, आणि रोज सकाळी त्याच्या हाताचं चुंबन घेऊन आशीर्वाद मागायची. "बाबानं आपल्याला फसवलं गं आई," ती रडत म्हणाली होती. "नवस मोडला आणि आपल्याला कळूसुद्धा दिलं नाही." जुरेमानं शर्टाचं सांगून पाहिलं. लुझिनेत म्हणाली, "आई, तुला कोणावर तरी राग काढायचाय."

हे जुरेमाला नवऱ्याच्या मरणाहून जास्त लागलं. मेलेला माणूस पुन्हा मरत नाही, पण लेकीच्या मनातला तो रोज थोडा थोडा मरत होता.

जूनमध्ये ती अमारिल्दोकडे गेली आणि म्हणाली, "कंपाद्रे, टाकीचं काम मला द्या." त्याचा चेहरा पडला. पण कोमाद्रेला, म्हणजे धर्मलेकीच्या आईला, नाही म्हणायची सोय नव्हती, आणि दुसरा कोणी त्या टाकीजवळ फिरकतही नव्हता. तिच्या मनात काय होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. तिला त्याच्या तोंडून, लेकीच्या देखत, खरं वदवून घ्यायचं होतं. आणि मग तो त्याच पाण्यात गेलेला बघायचा होता. माशावर तिचा राग नव्हता. साप चावला म्हणून सापाला कोणी फासावर चढवत नाही.

खेळ साधा होता. तांब्याची कांब पाण्यात सोडायची आणि दुसरं टोक पाहुण्यानं धरायचं. वाल्देसिरचे नियम होते: पाय कोरडे हवेत, काळजाचा आजार असलेल्यानं लांब राहायचं, आणि एक हात खिशात, म्हणजे वीज छातीतून आरपार जाणार नाही. मग जुरेमा झिंगा टाकायची, तडतड व्हायची, पाहुणा किंचाळायचा.

"ह्याच्या अंगात कसाव्याच्या पातळ भाकऱ्यांची चळत रचलीय असं समजा," ती शाळेतल्याच आवाजात सांगायची. "अशा हजारो. एकेक भाकरी इतकी थोडी वीज करते की तुमच्या जिभेला कळणार नाही. पण मेंदूचा हुकूम सुटला की सगळ्या एकाच क्षणी उठतात. सहाशे व्होल्ट. काळीज, पोट, आतडी सगळं डोक्यामागच्या वीतभर जागेत. बाकीचं अंग म्हणजे वीजघर."

"माणूस मरतो का?"

"विजेनं सहसा नाही. अंग आखडतं, माणूस पडतो. मग पाणी गुडघाभर असलं तरी पुरतं."

"आणि वीज संपली की?"

"संपत नाही. थकतो. दोन मासे खाल्ले, तासभर पडून राहिला, की पुन्हा भरतो. बॅटरी मेलेली असते, हा जिवंत आहे."

अमारिल्दो मागून ओरडायचा, "झाली का शाळा, मास्तरीणबाई? पोरांना सुट्टी द्या आता!" पाहुणे हसायचे. मग तो स्वतः कांब धरायचा, डोळे फिरवायचा, माकडासारखा उड्या मारायचा. त्याचा तो रोजचा तमाशा होता.

जुलैच्या एका दुपारी त्यानं कांब धरली, बोंब ठोकली, तीन उड्या मारल्या. पाहुणे पोट धरून हसले. जुरेमा दिव्यांकडे बघत होती. एकही दिवा लागला नव्हता.

अमारिल्दोनंही कांबेकडे एकदा पाहिलं. मग तो कोल्ड्रिंकं आणायला गेला.

तो गेल्यावर जुरेमाच्या ध्यानात आलं की भोंगाही बंद आहे. तिनं तारा हलवल्या, बटण दाबलं, पट्ट्या घासल्या. काही नाही. ती पट्ट्या पुन्हा पाण्यात सोडत होती तेवढ्यात, अमारिल्दो स्वयंपाकघराच्या पलीकडे पोहोचला असेल, आवाज आपोआप सुरू झाला. टक... टक... टक.

शाळामास्तरीण ती. योगायोगावर विश्वास ठेवायचा नाही आणि भुतावर तर नाहीच. तिनं वही काढली. फेलिस्मिनाला बहाण्यानं टाकीपाशी उभं केलं, टकटक चालू. पाहुणे आले, लुझिनेत आली, होडीवाले आले, टकटक चालू. अमारिल्दो आला, बंद. बुटांत आला, बंद. अनवाणी आला, बंद. तिनं नवा रेडिओ जोडला, तारा बदलल्या. तरी तेच. तिनं पावलं मोजून अंतर लिहायला सुरुवात केली. जुलैत तो टाकीपासून चार पावलांवर आला की आवाज थांबायचा. ऑगस्टमध्ये तराफ्याच्या कडेला त्याचा पाय लागला की. सप्टेंबरात तळं आटायला लागलं, काठाचा चिखल उघडा पडला, आणि एका सकाळी भोंगा अचानक गप्प झाला तेव्हा तराफ्यावर कोणीच नव्हतं. जुरेमानं घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटांनी अमारिल्दोची होडी वळणाआडून बाहेर आली.

तिनं तो आकडा लिहिला आणि वही बंद केली.

दुसरी गोष्ट तिनं वहीत लिहिली नाही. पोराकेला हवा लागते. दर दहा मिनिटांनी तो तोंड वर काढून घोट घेतो, नाही घेतला तर गुदमरून मरतो. अमारिल्दो त्या दुपारी टाकीशेजारच्या टेबलावर पाहुण्यांबरोबर जेवत बसला होता. मासा वर आला नाही. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. जुरेमा कठड्याला धरून पाण्यात बघत होती. मासा तळाशी सरळ पडला होता, काठीसारखा, आणि त्याचं तोंड टेबलाच्या दिशेला होतं. अमारिल्दो उठला तो एक तास दहा मिनिटांनी. मासा वर आला, सावकाश एक घोट घेतला आणि खाली गेला. घाई नव्हती त्याला.

"जाऊ दे गं ते काम," फेलिस्मिना तिला म्हणाली. "तो मासा कोणाची तरी वाट बघतोय."

"मासे वाट बघत नाहीत."

"मग तू कोणाची बघत्येस?"

जुरेमानं झिंग्यांची टोपली पुढ्यात ओढली. माशाला टाकायचे झिंगे ती निवडत राहिली, मोठे वेगळे, छोटे वेगळे. तिला भीती वाटायला हवी होती. तिला वाटत होती ती सोबत. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी आपल्या बाजूनं आहे असं वाटत होतं.

इकडे अमारिल्दोचं हसं होत होतं. तो असला की खेळ होईना, आणि तो नसला की दिवे डोळे दिपवतील असे लागत. धक्क्यावर बर्फ आणायला गेला की लोक विचारत, "काय अमारिल्दो, टाकीत मेणबत्ती ठेवलीस का?" कोणी म्हणे, "मासा नाही रे, पायमोजा आहे तो!" माणसाला मार सहन होतो, टवाळी होत नाही. अमारिल्दो आधी जुरेमावर चिडला, मग माशावर.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो बर्फाला गेला असताना जुरेमानं भोंगा लावला. टकटक नव्हती. तडतडही नव्हती. एकसलग, बारीक, कानात टोचणारा सूर होता. आणि दिवे लागले होते. पोराकेचा झटका डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो, त्यानं दिवा नुसता लकाकतो. हे बारा दिवे लागून राहिले होते. देवघरातल्या समईसारखे, न थरथरता. जुरेमानं घड्याळात सव्वा मिनिट मोजलं. मग शेवटचा दिवा फट्कन फुटला, बाकीचे विझले आणि सगळं गप्प झालं.

अमारिल्दोची होडी नऊ मिनिटांनी आली. मागोमाग साओ पाउलोच्या पाहुण्यांची मोठी होडी आली. पंधरा-सोळा माणसं, टोप्या, कॅमेरे. दुपारचे बारा वाजले होते, पाण्यावरून ऊन डोळ्यांत घुसत होतं, आणि स्वयंपाकघरातून तळलेल्या तांबाकी माशाचा वास येत होता.

खेळ झाला नाही. एका जाड्या पाहुण्यानं कांब दोन्ही हातांनी धरली, मग दाताखाली धरली, मग बायकोला म्हणाला, "घरचा टोस्टर ह्यापेक्षा बरा झटका देतो गं." सगळे खदखदून हसले.

अमारिल्दोचे कान लाल झाले. "बस्स. कोमाद्रे, हा मासा आजच्या आज काढा. उद्या नवा आणतो."

जुरेमानं पिंजरा पाण्यात सोडला, आत झिंगे टाकले. मासा ढिम्म हलला नाही. रबर गुंडाळलेल्या लांब काठीनं तिनं त्याला हळूच ढोसलं. ओल्या दोरखंडासारखा तो कलला आणि पुन्हा पडून राहिला.

"मेलाय की काय तो?" कोणीतरी विचारलं.

"रिकामा झालाय," अमारिल्दो म्हणाला. "तीन महिने झाले, मुंगी चावल्याएवढा झटका नाही. कोमाद्रे, उतरा आणि दोर बांधा त्याला."

वाल्देसिरला म्हटलेले तेच शब्द त्यानं उच्चारले, तितक्याच सहज.

"मी नाही उतरणार, कंपाद्रे. तुम्हाला इतकी खात्री असेल तर तुम्हीच उतरा."

पाहुण्यांनी ओ-हो-हो केलं. जाड्यानं शिटी मारली. अमारिल्दोनं शर्ट काढून खुर्चीवर टाकला, पण शिडीशी तो थबकला. लुझिनेत तबक घेऊन तिथेच उभी होती. त्यानं तिच्या हातातलं तबक टेबलावर ठेवलं, तिला दंडाला धरून जुरेमासमोर आणलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कोमाद्रे, माशातलं मला कळत नाही, तुम्हाला कळतं. ही आपल्या दोघांची लेक. हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. रिकामा आहे ना तो?"

त्याच्या डोळ्यांत भीती होती आणि विश्वासही होता. धर्मलेकीच्या डोक्यावर हात ठेवून मुरुरे तळ्यावर कोणी खोटं बोललेलं नव्हतं; खोटी शपथ त्या लेकीलाच लागते असं सगळे मानत.

जुरेमानं फुटलेल्या दिव्याकडे पाहिलं. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. केस उन्हानं तापले होते.

"रिकामा आहे," ती म्हणाली.

अमारिल्दो उतरला.

काही झालं नाही. पाणी त्याच्या कमरेच्या वर आलं. त्यानं दोन पावलं टाकली, मग चार. माशाला पायानं ढकललं. मासा गप्प. त्यानं हात आकाशाकडे करून पाहुण्यांना सलाम ठोकला, टाळ्या पडल्या, आणि तो मोठमोठ्यानं हसायला लागला. सुटल्यासारखं हसत होता तो. एवढे महिने आपण एका आजारी माशाला देव करून बसलो होतो, जुरेमाला वाटलं.

"कोमाद्रे, दोर टाका!"

माळेतला पहिला दिवा लागला.

मग दुसरा. एकेक दिवा लागू लागला, न थरथरता. असं होत नसतं. लागले तर सगळे एकदम लागतात. भोंग्यात टकटक सुरू झाली. टक... टक.

अमारिल्दोचं हसू थांबलं. मासा आता शिडी आणि त्याच्या मधे होता.

तो डावीकडे सरकला. मासा सरकला. सहावा दिवा लागला.

"पायाला... कोमाद्रे, पायाला मुंग्या येतायत." तो हलायचा थांबला. "काठी घाला मधे. बाजूला करा त्याला."

काठी जुरेमाच्या हातात होती. रबराचं टोक पाण्यापासून वीतभर वर होतं.

"त्याच्या शर्टावर दारू कोणी ओतली?" तिनं विचारलं.

"काय बोलताय, लोक बघतायत..."

"बघू देत. कोणी ओतली, सांग." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याला अरे-तुरे बोलली.

आठ दिवे. त्याच्या मांडीचे स्नायू पाण्याखाली उडताना दिसत होते.

"मी," तो म्हणाला. "मी ओतली. तो प्यायला नव्हता. थेंबसुद्धा नाही. मीच म्हटलं उतरा. पिंजऱ्याला वेळ नव्हता. लुझिनेत, पोरी, तुझा बाप प्यायला नव्हता गं." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "झालं ना? झालं ना आता? काठी घाला कोमाद्रे, देवाशपथ."

लुझिनेतनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

झालं होतं. जुरेमाला जे हवं होतं ते झालं होतं, लेकीच्या देखत, पंधरा माणसांच्या देखत. आता फक्त काठी खाली करायची होती.

दहा दिवे.

"आई! काठी!"

अकरा.

जुरेमानं काठी खाली केली नाही.

मासा पाण्यातून वर आला. हनुवटी उचलून, अर्धं अंग बाहेर काढून, तो त्याच्या उघड्या छातीला टेकला आणि तिथेच राहिला. शिकार करणारा मासा असा टेकून राहत नाही.

बारावा दिवा फुटलेला होता. तोही लागला.

पोलिसांची होडी तीन वाजता आली. ह्या वेळी साक्षीदार भरपूर होते आणि सगळ्यांनी एकच सांगितलं: माणूस स्वतःहून उतरला, मासा रिकामा आहे असं स्वतःच म्हणाला. जुरेमाच्या हातात काठी होती, आणि ती बिचारी घाबरून थिजली. एका बाईनं तर पाणी आणून तिच्या तोंडाशी धरलं. पोलिसांनी टाकीत जाळं फिरवलं. मासा मिळाला नाही. गज शाबूत होते, दोन बोटांच्या फटींचे. पोलीस म्हणाले, तळाची फळी सरकली असेल.

वाल्देसिरच्या नावाची प्रार्थना पुन्हा झाली. तळ्यावरचे लोक आले आणि जुरेमाच्या नजरेला नजर देऊन बसले. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, तिला फार बरं वाटलं. कित्येक महिन्यांनंतर ती रात्रभर झोपली. लुझिनेत बापासाठी रडली आणि धर्मबापासाठीही रडली. काठीबद्दल तिनं एकदाही विचारलं नाही. फक्त आईशी बोलणं कमी केलं, आणि आई डोक्यावरून हात फिरवायला आली की काहीतरी काम काढून उठायची.

अकराव्या दिवशी खानावळ बंद करायचं ठरलं. भांडी घासून बांधायची होती, म्हणून तिघी सकाळीच आल्या. फेलिस्मिना स्वयंपाकघरात गेली. लुझिनेत परातींचा ढीग घेऊन तराफ्याच्या पलीकडच्या कडेला, पाय तळ्याच्या पाण्यात सोडून बसली. जुरेमा टाकीपाशी आली. पट्ट्या आणि तारा काढून घ्यायच्या होत्या.

तिनं सवयीनं भोंग्याचं बटण दाबलं. आवाज आला. पण टकटक नव्हती ती. कढईत खसखस भाजताना येतो तसा, बारीक, असंख्य ठोक्यांचा सळसळता आवाज.

ती वाकली. पाणी नितळ झालं होतं, आणि तळाशी पिल्लं होती. बोटभर लांब, दोऱ्याएवढी जाड, गळ्याखाली नारिंगी. शंभर असतील, पाचशे असतील. सहा वर्षं ह्या टाकीत तो मासा एकटा होता. जुरेमानं मनातल्या मनात हिशेब मांडायचा प्रयत्न केला, पुस्तकात काय लिहिलंय ते आठवायचा प्रयत्न केला. सगळ्या पिल्लांची तोंडं तिच्याकडे होती.

ती एक पाऊल डावीकडे सरकली. तोंडं डावीकडे वळली.

मग त्यांनी एकदम पाठ फिरवली आणि गजांच्या फटींतून, ओळीनं, सावकाश, तळ्याच्या बाजूला निघाली. तराफ्याच्या खालून. पलीकडच्या कडेकडे.

"आई," लुझिनेतची हाक आली. अकरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात हसू होतं. "इकडे ये ना गं. पाण्यात काय आहे कोण जाणे, पायांना कशा मऊ गुदगुल्या होतायत."

जुरेमानं ओरडायला तोंड उघडलं. लुझिनेतनं हातातली परात बाजूला ठेवली, स्कर्ट वर खोचला आणि पाण्यात उतरायला कडेवर दोन्ही हात टेकले.